ट्रायल घेतल्याशिवाय नाय

जगात जे काही पहिल्यांदा घडतं, ते आमच्या भावोजींच्या घरात नेहमी दुसऱ्यांदा घडायचं. पहिली खेप आदल्या दिवशीच होऊन गेलेली असायची आणि तिचं नाव ट्रायल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे बाय म्हणायचो. आमचं गाव दातिवरे, बाय दिलेली मुरब्याला, आणि मी पालघरच्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर. म्हणजे रीतीने पाहिलं तर आमच्या गोतावळ्यातल्या समस्त इंग्रजीवर हक्क माझा. त्या भाषेच्या जिवावर मी संसार केला, पोरांचे कान पिळले, दोन शब्दकोश झिजवले. पण भावोजींनी हा एक शब्द जसा वापरला, तसा एकही इंग्रजी शब्द मला उभ्या जन्मात वापरता आला नाही, हे आज कबूल करतो. त्यांचं इंग्रजी किती, तर इंजिनाच्या सुट्या भागांची नावं आणि ट्रायल. भागांची नावं ते कामापुरती काढत. ट्रायल मात्र सकाळी चूळ भरल्यापासून दिवा मालवेपर्यंत चालू. नवी छत्री आणली की बायला अंगणात छत्री उघडून उभं करायचं आणि ओट्यावर चढून वरून दोन बादल्या पाणी ओतायचं. बाय गुडघ्यापर्यंत भिजायची आणि छत्री पास व्हायची.

हा शब्द मुरब्यात आला तो इंजिनाबरोबर. शिडाच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली ते दिवस. मुंबईहून एक साहेब इंजिन घेऊन आला, चार दिवस होडीच्या पोटात घुसून त्याने ते बसवलं, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, ट्रायल घेऊ. तोवर होडी समुद्रात घालायची म्हणजे नारळ फोडायचा, गुलाल उधळायचा आणि निघायचं, एवढंच गावाला माहीत. हा साहेब होडी खाडीत नेतो काय, गोल गोल फिरवतो काय आणि मासळी न पकडता परत आणतो काय! होड्या हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. भावोजी तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. ते साहेबाच्या मागे मागे फिरून इंजिनाचं काम शिकले आणि पुढे गावाचे मिस्त्री झाले. पुढच्याच वर्षी एका तांडेलाला घाई होती म्हणून ट्रायल न घेता होडी बाहेर काढली, भावोजी होते त्याच होडीवर, आणि किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन जे मुकं झालं ते झालंच. शीड तर इंजिनाच्या गर्वात घरी ठेवून आलेले. दोन दिवस वाहत गेल्यावर उमरगावकडच्या एका होडीने त्यांना ओढत आणलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भावोजी त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. मी एकदा त्यांना विचारलं, की तुमच्या ट्रायलचा नेमका अर्थ काय. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "जे बिघडायचं ते घराजवळ बिघडू दे. दुसरं काय?" मी शब्दकोश उघडून पाहिला. चाचणी, परीक्षा, प्रयोग असं बरंच काय काय होतं. हे नव्हतं. वर्गात एकदा हाच शब्द विचारला तर मुरब्याचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, उद्याचं आज करून बघणे." बाकी वर्ग हसला. मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, कारण तो पोरगा कुठल्या शाळेत शिकून आलाय ते मला ठाऊक होतं.

त्यांच्या पायाला भिंगरी होती. चहा उभ्याने, जेवण अर्ध्या मांडीवर, आणि बसा म्हटलं की एक पाय ओट्यावर ठेवून म्हणणार, बसलो. घरात असले की कुठला तरी स्क्रू पिळत. स्क्रू सापडला नाही तर दाराची कडी, कडी धड असली तर बायचं डोकं. बायने एकदा मला सांगितलं की हा माणूस झोपेत कूस बदलायच्या आधीसुद्धा जरा हलून बघतो. खरं-खोटं तिला ठाऊक. पण माझी भाची जन्मली त्या दिवसाची गोष्ट मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. बायचे दिवस भरत आलेले. तिला पालघरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे मासळीच्या टेंपोतून, आणि रस्ता असा की चांगल्या माणसाची हाडं मोजून घ्यावीत. भावोजींनी ठरवलं, ट्रायल. टेंपोत गादी घातली, गादीवर बायच्या जागी तांदळाचं पोतं निजवलं, पोतं घसरू नये म्हणून चादरीत गुंडाळून दोरीने बांधलं आणि शेजारी उभे राहिले उतरल्या चेहऱ्याने. वाटेतल्या गावांत लोक टेंपो पाहून बाजूला होत, हात जोडत. एका म्हातारीने विचारलं म्हणे, की कोण होता. पहिल्या खेपेत पोतं एका वळणावर गडगडलं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी ट्रायल. ते पोत्याला घेऊन पालघरात पोचले असतील-नसतील, इकडे बायच्या पोटात कळा सुरू झाल्या, शेजारच्या सुईणीला बोलावलं आणि घटकाभरात पोरगी जन्मली. भावोजी दुपारी परतले ते लांबूनच ओरडत, की आता जमलं, आता पोतं जागचं हललं नाय. ओट्यावर पोरीचं रडणं ऐकून जे थांबले, ते पोतं टेंपोतच विसरले. मुलीचं नाव सुमन ठेवलं. जन्मापासून ती बापाला चुकवून पुढे पळणारी निघाली.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. बाकीचे लोक ती ऐकून सोडून देतात. माझं लग्न ठरलं तेव्हा भावोजींनी ती अंमलात आणली. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी बँडवाले बोलावले, कारण मागे कुणाच्या तरी लग्नात क्लॅरिनेट ऐन वेळी फुसकं निघालं होतं. आचाऱ्याला सांगून चाळीस माणसांचा भात टाकला, भट्टी कशी पेटते ते बघायला. आता दारात बँड वाजतोय, अंगणात भात शिजतोय, तर गाव काय समजणार? निम्मं दातिवरं नव्या कपड्यांत हजर झालं. सातपाटीची एक चुलत आत्या आहेर घेऊन आली, जेवली, माझ्या गालावरून हात फिरवून नवरी कुठे म्हणून विचारू लागली आणि मी खरं ते सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिचं म्हणणं, एका पोराच्या लग्नाला दोनदा कोण येतं! पुढे आयुष्यभर ती मला त्यावरून टोमणे मारत राहिली.

सुमनच्या दहावीच्या परीक्षेचीही तीच तऱ्हा. केंद्र पालघरला. आदल्या दिवशी बापलेक पहिल्या एसटीने आले, शिपायाला गोडीगुलाबीने पटवून वर्गात शिरले आणि भावोजींनी पोरीला बाकावर बसवलं ते तीन तास. स्वतः व्हरांड्यात येरझाऱ्या. बाकाचा एक पाय डुगडुगतो हे पाहून त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून खाली सारली, हाताने हलवून पाहिलं, पुन्हा सारली. दुसऱ्या दिवशी पोरीचा नंबर निघाला पलीकडच्या इमारतीत. मी हसू दाबत म्हटलं, काय भावोजी, ट्रायल फुकट गेली. ते मला म्हणाले, "फुकट कशी जाईल? त्या बाकावर कोण तरी पोर बसलंच असेल ना." माणूस असा होता. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी आधी त्याची ट्रायल घ्यावी लागे.

बोईसरला कारखाने वाढले तसे ते लेथवर भाग करून घ्यायला तिकडे जाऊ लागले. तिथे उत्तरेकडचा एक टर्नर होता, त्याच्याकडे यांचं ठरलेलं काम. भाग तयार झाला की भावोजी तो तिथल्या तिथे बसवून बघत, काढत, पुन्हा बसवत, मग पुन्हा. तो बिचारा कंटाळून म्हणायचा, "चाचा, कितनी बार ट्रायल लोगे? शादी करनी है क्या इससे?" एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. त्या दिवशी भावोजी हसले नाहीत. सुमनला स्थळं बघायला लागलो होतो आम्ही तेव्हा. परतीच्या एसटीत त्यांनी मला विचारलं, की मास्तर, इंजिन सुरू करायच्या आधी आपण एवढं बघतो, आणि पोरगी देताना पोहे खातो आणि उठतो, हे बरोबर हाय काय? मी खिडकीबाहेर बघत काहीतरी बोललो. मला कळायला हवं होतं, की पाणी कुठल्या दिशेने चाललंय.

स्थळ मीच आणलं होतं, दातिवऱ्याचं, आमच्या शेजारचं. मुलाला बाप नाही, घरची होडी, मुलगा स्वतः तांडेल. आई सफाळ्याच्या बाजारात मासळी विकणारी. तिला मी लहानपणापासून काकी म्हणतो. बोलायला फटकळ, पण तिच्या टोपलीखाली शिळा मासा कधी सापडला नाही. मुलाने सुमनला कुठल्याशा जत्रेत पाहिलं होतं आणि सुमननेही त्याला, हे बायला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त भावोजींना. साखरपुडा झाला, वैशाखातली तारीख धरली. आणि भावोजी म्हणाले, ट्रायल घेतल्याशिवाय नाय. बायने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, मी त्या गावात वाढले, त्यांच्या ओट्यावर खेळले, मला विचारा काय ते. भावोजी म्हणाले, ओट्यावर खेळलीस, घरात राहिलीस काय?

आमच्याकडे जुनी रीत अशी, की ज्या घरी मुलगी द्यायची त्या घरी बापाने पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. भावोजींना रीत मोडायची नव्हती आणि घर तर बघायचं होतं. त्यांनी तोड काढली. त्या घरच्या होडीचं इंजिन खोकतं असं ऐकलं होतं, ते दुरुस्त करायला म्हणून हत्यारांची पेटी घेऊन दातिवऱ्याला गेले, बरोबर स्वतःचं पाणी आणि भाकऱ्या. काम अर्ध्या दिवसाचं. हा माणूस राहिला चार दिवस. इंजिन तर त्यांनी पार उलगडून, घासून, पुसून नवं केलंच. उरलेल्या वेळात विहीर घरापासून किती पावलं ते मोजलं, भरलेली कळशी घेऊन चालून पाहिलं, चुलीपाशी बसून धूर कुणाच्या डोळ्यात जातो ते पाहिलं, आणि पोरगी जिथे निजणार त्या खोलीत दुपारी आडवे होऊन डास मोजले. चौथ्या दिवशी त्यांनी मुख्य काम केलं. काकीचं पाण्याचं भरलेलं मडकं धक्का लागल्यासारखं करून पाडलं. काकीने खापऱ्या गोळा केल्या, फरशी पुसली आणि एवढंच विचारलं, की मिस्त्री, पायाला नाय ना लागलं?

हे सगळं मला कसं कळलं, तर परत येताना ते थेट माझ्या शाळेत आले आणि मला वर्गातून बाहेर बोलावून सांगू लागले. असा आनंदी माणूस मी त्या व्हरांड्यात दुसरा पाहिला नाही. म्हणाले, मास्तर, बिघाड करून बघितल्याशिवाय ट्रायल नाय. सासू पास! मी विचारलं, हे आणखी कुणाला बोललात काय. ते म्हणाले, कुणाला नाय. फक्त कंडक्टरला, आणि सफाळ्याच्या नाक्यावर चहा घेतला तिथल्या दोघा-तिघांना. मी भिंतीला टेकलो. ज्या सफाळ्याच्या बाजारात काकी रोज टोपली घेऊन बसते, त्या नाक्यावर हे पुण्यकर्म सांगून आले होते. तिथे बोललेली गोष्ट दातिवऱ्याला पोचायला एसटीइतकाही वेळ लागत नाही.

रविवारी काकीचा निरोप आला म्हणून मी दातिवऱ्याला गेलो. काकी अंगणात सुकट पसरत होती. मान वर केली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, की माफी ठेव तुझ्या शाळेत. मग हात झटकून उभी राहिली. "तुझ्या भावोजीला सांग, सासू पास झाली. आता बापाची बारी. मी चार दिवस येते मुरब्याला. तोवर मांडवाची एक मेढ रोवायची नाय." तिच्यामागे दारात मुलगा उभा होता. तो माझ्याकडे असा बघत होता की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुरब्याला जाऊन निरोप सांगितला. बाय रडली. सुमन रडली नाही. बापासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमी इंजिनं दुरुस्त करा. माझं ऱ्हाऊ द्या." त्यानंतर तिने बापाशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. भावोजींना जगातला कुठलाही बिघाड सापडत असे. हा त्यांना सापडत होता, पण हात कुठे घालायचा ते कळत नव्हतं. ते विहिरीवर जात, परत येत, पेटी उघडत, बंद करत. मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तर, मोडलं तर पोरगी जन्मभर माझं तोंड बघायची नाय.

आणि मग या गृहस्थाने काय करावं? काकी यायच्या आदल्या दिवशी काकीची ट्रायल घेतली. बायला ओट्यावर बसवलं, तू काकी. स्वतः पुढे बसून नीट, शांत, न हलता बोलायचा सराव सुरू केला. बायने वीस-बावीस वर्षांचं साठलेलं होतं ते सगळं काकीच्या नावावर बोलून घेतलं. छत्रीच्या बादल्या निघाल्या, तांदळाचं पोतं निघालं. शेवटी दोघं खरोखरच भांडले आणि त्या रात्री मला चुलीवर स्वतः पिठलं करावं लागलं. शाळेला सुट्टी होती म्हणून मी या तमाशाला हजर होतो, नाहीतर कुणी सांगून मी विश्वास ठेवला नसता.

काकी आली. आम्ही सगळे श्वास रोखून. ती काहीच करेना. विहिरीकडे बघेना, चुलीकडे फिरकेना. ओट्यावर पाय पसरून बसली, बायशी गावच्या गोष्टी केल्या, वाढलं ते जेवली, मीठ कमी होतं त्या दिवशीही बोलली नाही. दोन दिवस असे गेले आणि भावोजी निम्मे झाले. मडकी भरून समोर ठेवलेली, एक तरी फोडा म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि म्हणाली, सातपाटीला माझी बहीण हाय, सुमनला घेऊन जाते, दिवे लागायच्या आत येऊ. पोरगी पातळ बदलून तिच्याबरोबर निघाली. समोर खाडी, पलीकडे सातपाटी. तरीच्या होडीने गेल्या, इकडून दिसत होत्या.

तो दिवस मी पाहिला. मी गेलो नव्हतो कुठे, भावोजींना एकटं सोडू नकोस असं बायने बजावलं होतं. सकाळी त्यांनी सुमनच्या सायकलची चेन काढली आणि घातली. मग तिच्या कपाटाची बिजागरी, मग तिच्या कंदिलाची वात. जेवायला बसले आणि पानात वाढलेलं बघून बायला म्हणाले, पोरीचं ताट? मग दुपारभर तरीच्या धक्क्यावर. तरीची एक खेप यायची, माणसं उतरायची, ते घरी यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा धक्क्यावर. मी मागे मागे. मला राग यायला लागला होता, उन्हाने डोकं तापलेलं, आणि हा माणूस एका जागी टिकेना. मी म्हटलं, भावोजी, दिवे लागायच्या आत येणार आहेत, आत्ता चार वाजलेत. ते म्हणाले, मला माहीत हाय. आणि पुन्हा निघाले. संध्याकाळी दोघी उतरल्या. भावोजी पुढे झाले, पोरीकडे बघितलं, आणि इतके दिवस जिच्याशी बोलणं नव्हतं तिला म्हणाले, "ऊन लागलं काय?" सुमन म्हणाली, नाय. काकी मागे उभी राहून दोघांकडे बघत होती.

चौथ्या दिवशी निघताना काकीने पिशवी उचलली आणि ओट्यावर थांबली. भावोजी दाराला धरून उभे. ती म्हणाली, "मिस्त्री, पोरीची ट्रायल घ्यायला नव्हती आली मी. पोरीला बघून झालंय माझं. पोरीशिवाय बाप चालतो काय, ते बघायला आली होती." पायात चप्पल सरकवली. "नाय चालत. पण न्यायची तर हायच मला. मांडव घाला." भावोजींनी मान हलवली. ते वळून आत गेले आणि आतून बराच वेळ पेटीत हत्यारं लावल्याचा आवाज येत राहिला.

लग्न वैशाखात मुरब्याला झालं आणि त्याची ट्रायल झाली नाही. बँड बोलावला नाही, भात टाकला नाही, काही नाही. मला चैन पडेना. मी बायला विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना. तिने सांगितलं, मीही विचारलं तर म्हणाले, की ही गोष्ट माझ्याच्यानं दोनदा नाय होणार. मग जे व्हायचं ते झालं. बँडवाले तासभर उशिरा आले, भाताची एक भट्टी कच्ची राहिली, मांडवाचा एक कोपरा ऐन मंगलाष्टकांत खाली आला आणि तो धरून चार पोरं उभी राहिली. सातपाटीची ती चुलत आत्या मात्र या वेळी पहिल्याच दिवशी आली होती आणि सगळ्यांना सांगत होती, की याला म्हणतात लग्न. भावोजींचं कशाकडेच लक्ष नव्हतं. लोक येऊन सांगत, मिस्त्री, भात कच्चा हाय, तर ते म्हणत, असू दे.

वऱ्हाड नवऱ्याच्या त्याच होडीने आलं होतं, होडीनेच परतणार. दातिवरं गाठायचं तर भरती असेतो खाडीतून बाहेर पडायला हवं, म्हणून सगळी घाई. नवरी होडीत बसली. बायका रडत होत्या, बाय वाळूत खाली बसली होती. भावोजी गुडघाभर पाण्यात उभे राहून होडीच्या कडेला हात लावून होते. सुमनचा हात त्यांच्या हातावर. ती इंजिनं तेव्हा हँडल मारून सुरू करावी लागत. दोन गडी लागायचे, पाच-पाच, सहा-सहा दम, मधे शिव्या, मधे विश्रांती, पुन्हा सुरुवात. निरोपाला तेवढा वेळ मिळतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. गड्याने हँडल लावलं, एकदा फिरवलं, आणि इंजिन लागलं.

किनाऱ्यावरची माणसं वा मिस्त्री म्हणाली. चारजणांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं. होडी हलली तसा सुमनचा हात सुटला. भावोजी तसेच पाण्यात. मी पायजमा वर धरून त्यांच्याजवळ गेलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं चांगलं नाय करायला पायजे होतं मी ते, मास्तर."

होडी खाडीच्या मुखातून बाहेर पडली, लहान झाली, मग नुसता इंजिनाचा आवाज राहिला, मग तोही गेला. लोक पांगले. बायला कुणीतरी घरी नेलं. भरती पायावर चढत होती, मी त्यांचा दंड धरून म्हटलं, चला आता. ते हलले नाहीत.

"आवाज येतो हाय अजून," ते म्हणाले.

मला कधीचा ऐकू येईनासा झाला होता. मी म्हटलं, "हो, येतोय," आणि तिथेच उभा राहिलो.